चेतापेशी एकटी मरत नाही : मोटर न्यूरॉन आजार आणि आतला दाह

मोटर न्यूरॉन आजाराचा रुग्ण असलेल्या घरात गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "सिस्टर, डॉक्टर म्हणतात नसांमध्ये आतून दाह आहे. मग सूज उतरायची गोळी का देत नाहीत? मेडिकलमध्ये एवढ्या गोळ्या मिळतात की!"

प्रश्न रास्त आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. त्यांनी दाह कमी करणारी औषधे रुग्णांना देऊन पाहिली आणि एका चाचणीत तर रुग्णांचे नुकसानच झाले. तसे का झाले, ते आज समजून घेऊ. ते समजले की पैसा कशावर घालायचा आणि कोणाच्या दारात पाऊल टाकायचे नाही, हे आपले आपल्याला ठरवता येते.

हुकूम मेंदूतून स्नायूपर्यंत कसा जातो

या नावातला 'मोटर' म्हणजे यंत्र नव्हे. हालचाल घडवणारी, असा त्याचा अर्थ. 'न्यूरॉन' म्हणजे चेतापेशी. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द सापडेल.

आपण तांब्या उचलायचे मनात आणले की मेंदूच्या वरच्या थरातली चेतापेशी हुकूम सोडते. पाठीच्या कण्यात मेरुरज्जू असतो. तिथली दुसरी चेतापेशी तो हुकूम घेते आणि आपल्या लांब धाग्यावाटे हाताच्या स्नायूपर्यंत पोचवते. पायाकडे जाणारे काही धागे तर जवळजवळ एक मीटर लांब असतात. डोळ्यांना न दिसणारी पेशी आणि तिचा धागा एवढा लांब! तो जगवायला तिला फार ऊर्जा लागते. म्हणूनच ती नाजूकही असते.

या आजारात वरच्या आणि खालच्या, दोन्ही टप्प्यांतल्या चेतापेशी हळूहळू मरतात. वरच्या मेल्या की हातपाय ताठरतात. खालच्या मेल्या की स्नायूला हुकूम मिळत नाही आणि तो सुकत जातो. सुरुवात साधीच वाटते. एका हाताने शर्टाची गुंडी लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना एका पायातली चप्पल निसटते. काहींचा आजार जिभेपासून सुरू होतो. बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो. कातडीखाली मांस आपोआप फडफडताना दिसते.

मुंग्या येणे, बधिर होणे हे या आजाराचे मुख्य लक्षण नाही. स्पर्श कळतो, दिसते, ऐकू येते. बहुतेकांची समज शाबूत असते, काहींच्या विचारांवर आणि वागण्यावर परिणाम होतो. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू अनावर होते. घरच्यांना ते नाटक वाटते, शेजारी करणीची शंका काढतात. ते दोन्ही नाही. भावना आवरणाऱ्या मेंदूच्या वाटांवर आजाराचा परिणाम झालेला असतो.

फ्रान्सचे डॉक्टर जाँ-मार्तां शार्को यांनी 1869 साली या आजाराचे नीट वर्णन केले. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार 'ए.एल.एस.' या नावाने ओळखला जातो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना 1963 मध्ये, वयाच्या 21व्या वर्षी हे निदान झाले आणि ते 2018 पर्यंत जगले. पण त्यांचे उदाहरण अपवाद आहे. बहुतेक रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे मिळतात. दहातील साधारण एक जण दहा वर्षांपुढे जातो. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत हा आजार युरोप-अमेरिकेपेक्षा कमी वयात सुरू होताना दिसतो. म्हणजे अनेक घरांत कमावता माणूसच अंथरुणाला खिळतो.

हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने, त्याच्याजवळ झोपल्याने तो कोणालाही होत नाही. साधारण दहातील एका रुग्णाच्या कुटुंबात तो आधी झालेला असतो. उरलेल्यांच्या घरात पूर्वी कोणालाच नसतो.

पेशी एकमेकींशी बोलतात

चेतापेशी एकटी राहत नाही. तिच्या भोवती मदतनीस पेशींची वस्तीच असते. त्यातल्या दोन प्रकारच्या पेशी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चांदणीच्या आकाराची पेशी. ती चेतापेशीला खाऊपिऊ घालते आणि तिच्या अंगणातली सांडलवंड आवरते. दुसरी मायक्रोग्लिया. ती पहारेकरीण. जंतू आला, पेशी मेली, कचरा साचला, की धावून जाते आणि साफ करते.

या सगळ्या पेशी रासायनिक संदेशांतून बोलतात. एक पेशी रसायन सोडते, दुसरीच्या अंगावर ते ओळखणारी कडी असते. कडी वाजली की आत निरोप जातो आणि त्याप्रमाणे पेशी काम करते. शरीर चालते ते या बोलण्यावर. मोटर न्यूरॉन आजारात हे बोलणेच बिघडते. दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण ग्लुटामेट नावाच्या रसायनाचे. वरची चेतापेशी खालच्या पेशीला 'ऊठ, काम कर' असे सांगते ते ग्लुटामेट सोडून. निरोप पोचला की उरलेले ग्लुटामेट अ‍ॅस्ट्रोसाइटने लगेच शोषून घ्यायचे असते. ए.एल.एस.च्या रुग्णांत हे शोषणारे द्वार कमी झालेले आढळले. नळ चालू आणि मोरीचे भोक बुजलेले, तर घरात पाणी भरणारच. तसे ग्लुटामेट साचते, चेतापेशीला सारखे 'ऊठ, ऊठ' ऐकू येत राहते, तिच्या आत कॅल्शियम घुसत राहते आणि ती थकून मोडते.

दुसरे उदाहरण धोक्याच्या निरोपाचे. मायक्रोग्लियाला धोका जाणवला की तिच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन जागे होते. एरवी ते पेशीत बांधून ठेवलेले असते. निरोप आला की ते सुटते, पेशीच्या केंद्रकात जाते आणि दाह वाढवणारी रसायने बनवायचा आदेश देते. टीएनएफ, इंटरल्यूकिन ही त्यांपैकी काही नावे. ही रसायने शेजारच्या पेशींच्या कड्या वाजवतात, त्या पेशीही चेततात आणि आणखी रसायने सोडतात. जंतू मारायचा असेल तर हे चक्र उपयोगी. जंतू मेला की ते थांबते. पण इथे जंतू नाहीच. धोका पेशीच्या आतून येतो आणि रोज येतो. त्यामुळे चक्र थांबत नाही. 2014 साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात मायक्रोग्लियामधले एनएफ-कप्पा-बी रोखले, तेव्हा उंदीर जास्त जगले.

म्हणून या दाहाला घोट्याच्या सुजेसारखे समजू नये. घोटा मुरगळला की तो लाल होतो, गरम होतो, दुखतो. इथे बाहेर काहीच दिसत नाही. तेल चोळून, शेक देऊन किंवा पट्टा बांधून तिथे पोचता येत नाही, कारण बिघाड हाडामांसाच्या आत, मेंदूत आणि कण्यात, पेशीपेशींच्या संवादात आहे.

आग आधी कुठे लागते

सुरुवात बहुधा चेतापेशीच्या आतच होते. पेशीत टीडीपी-43 नावाचे एक प्रथिन असते. त्याची जागा केंद्रकात. ए.एल.एस.च्या जवळजवळ सर्व रुग्णांत ते केंद्रकातून बाहेर पडून गुठळ्या होऊन साचलेले सापडते. हे 2006 साली कळले. त्याआधी 1993 मध्ये एसओडी-1 नावाच्या जनुकातला दोष काही कुटुंबांत सापडला होता. या दोषातही प्रथिनाच्या गुठळ्या होतात.

या गुठळ्यांचा दाहाशी काय संबंध? 2020 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एक दुवा दाखवला. टीडीपी-43 पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात शिरते. तिथला डीएनए बाहेर सांडतो. पेशीला तो विषाणूचा डीएनए वाटतो आणि ती धोक्याची घंटा वाजवते. घरात चोर नाही, पण घंटा वाजतच राहते.

पण सुरुवात आत झाली म्हणून पुढचे सगळे आतच घडते असे नाही. याचा भक्कम पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळाला. 2003 साली असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या शरीरात काही पेशी निरोगी आणि काही एसओडी-1 चा दोष असलेल्या होत्या. दोषी शेजाऱ्यांनी वेढलेल्या निरोगी चेतापेशींतही बिघाड दिसू लागला. उलट दोषी चेतापेशीभोवती निरोगी मदतनीस असले तर ती जास्त तगली.

2006 साली दुसऱ्या प्रयोगात हा दोष फक्त चेतापेशींतून कमी केला, तेव्हा उंदरांचा आजार उशिरा सुरू झाला. फक्त मायक्रोग्लियातून कमी केला, तेव्हा आजार सुरू व्हायचा तेव्हाच झाला, पण नंतर तो हळू वाढला. 2008 मध्ये अ‍ॅस्ट्रोसाइटबाबतही असेच दिसले. म्हणजे ठिणगी चेतापेशीत पडते, पण आग किती वेगाने पसरणार हे शेजारी ठरवतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा.

मग सूज उतरवणारी गोळी का चालत नाही?

मिनोसायक्लिन हे जुने, स्वस्त अँटिबायोटिक आहे. ते मायक्रोग्लियाला शांत करते. उंदरांत त्याचा फायदा दिसला, म्हणून अमेरिकेत चारशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. निकाल 2007 मध्ये आला. गोळी घेणाऱ्यांची ताकद, साधी साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त वेगाने घटली. सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीवरची सूज उतरवणारी गोळीही देऊन पाहिली. 2006 च्या निकालात तिचा काही उपयोग दिसला नाही.

असे का व्हावे? कारण पहारेकरीण नेहमीच वाईट नसते. सुरुवातीला मायक्रोग्लिया मेलेल्या पेशींचा कचरा उचलते, चेतापेशीला जपणारी रसायनेही देते. नंतर तिचे वागणे बदलते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचे तर दाह आवरणे हेच काम असते. 2011 च्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांत या पेशी जास्त होत्या त्यांचा आजार हळू वाढला. सगळा दाह सरसकट दाबला तर जपणारेही दबले जातात. कोणता संदेश रोखायचा, कोणत्या पेशीत आणि कोणत्या टप्प्यावर, यावर आजही संशोधन चालू आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. या आजारावर म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. आजार थांबत नाही, पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंड खराब होते. स्टेरॉइडचे इंजेक्शन कोणी सुचवले तर ते कशासाठी, हे मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका.

खरी औषधे कोणती

रिल्युझोल हे ए.एल.एस.वर मंजूर झालेले पहिले औषध. अमेरिकेत ते 1995 मध्ये मंजूर झाले. ते ग्लुटामेटचा मारा कमी करते. नेहमीचा डोस 50 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, रिकाम्या पोटी. यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून रक्ततपासणी चुकवू नका. गेलेली ताकद ते परत आणत नाही; चाचण्यांत आयुष्य साधारण दोन ते तीन महिन्यांनी वाढले. हे आम्ही स्पष्ट सांगतो, कारण खोटी आशा दिली की लोक महिन्याभरात गोळी बंद करतात आणि बाबाबुवाकडे जातात.

एडाराव्होन हे शिरेतून देण्याचे औषध जपानमध्ये 2015 साली आणि अमेरिकेत 2017 साली मंजूर झाले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या निवडक रुग्णांत थोडा फायदा दिसला, नंतरच्या अभ्यासांत तो दिसला नाही. दागिने गहाण ठेवून ते घेण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्या.

टोफर्सेन हे औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाले. ते कण्यातल्या पाण्यात इंजेक्शनने देतात. पण ते फक्त एसओडी-1 चा दोष असलेल्यांसाठी आहे आणि असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास.

'स्टेम सेल देऊन नवीन नसा उगवतो' अशा जाहिरातींपासून सावध राहा. लाखो रुपये जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. 'चाचणी आहे' असे कोणी म्हणाले, तर नोंदणी क्रमांक आणि लेखी संमतीपत्र मागा. चाचणीच्या नावाखाली औषधाचे पैसे मागितले की तिथून उठा.

घरात काय करायचे

निदान लवकर व्हावे. हाताची किंवा पायाची ताकद काही आठवडे कमी होत चालली असेल, स्नायू सुकत असेल आणि बधिरपणा नसेल, तर सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूविकार विभागात जा. तिथे स्नायू-चेतांची विद्युत तपासणी, मानेचा एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या होतात. मानेचा मणका दाबला गेला तरी अशीच लक्षणे येतात आणि त्यावर उपचार आहे. तरुण मुलाचा एकच हात सुकत असेल तर घाबरून जाऊ नका. हिरायामा आजार नावाचा वेगळा प्रकार आशियात बराच आढळतो. तो बहुधा काही वर्षांनी वाढायचा थांबतो.

श्वासावर लक्ष ठेवा. सपाट झोपवत नाही, झोप तुटते, सकाळी डोके दुखते, दिवसा गुंगी राहते, ही श्वासाचे स्नायू थकल्याची खूण. अशा वेळी डॉक्टर बायपॅप हे मास्कचे मशीन सुचवतात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या घशाचे स्नायू फार बिघडले नव्हते त्यांचे आयुष्य या मशीनने सुमारे सात महिन्यांनी वाढले. म्हणजे गोळीपेक्षा जास्त. वीज जाते तिथे इन्व्हर्टरची सोय आधी बघा. एक धोका ध्यानात ठेवा : घरी नुसते ऑक्सिजनचे सिलिंडर आणून लावू नका. इथे अडचण हवा आत-बाहेर करण्याची आहे. नुसत्या ऑक्सिजनने शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो.

खाणे जपा. वजन घटले की आजार वेगाने वाढतो. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर घट्ट पेज, मऊ वरण-भात, दही, कुस्करलेले केळे द्या. रुग्णाला सरळ बसवा, हनुवटी थोडी खाली घेऊन गिळायला सांगा, घाई करू नका. जेवायला तास-तास लागू लागला तर पोटातून नळी घालण्याबद्दल विचारा. श्वास फार कमजोर होण्याआधी ती घातलेली बरी.

व्यायाम हलका. सांधे आखडू नयेत म्हणून रोज हातपाय हळुवार हलवा. 'जोर लाव, ताकद येईल' असे म्हणून दमवू नका.

बोलणे जायच्या आधीच पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी लिहून ठेवा. हात थांबले तरी डोळे बहुधा हलतात. आपण अक्षरावर बोट फिरवायचे, रुग्णाने डोळ्यांनी होकार द्यायचा. पाणी, लघवी, कूस बदला, दुखते, असे रोजचे शब्द वेगळे लिहा. श्वासाची नळी बसवायची की नाही, हा निर्णयही रुग्णाशी तो सांगू शकतो तेव्हाच बोलून ठेवा. त्याला सगळे समजत असते. त्याच्यासमोर तो नसल्यासारखे बोलू नका.

सेवा करणाऱ्या बाईची पाळी ठरवा. बहुतेक घरांत एकटी सून किंवा बायको रात्रंदिवस जागते आणि तीच आजारी पडते. दीर-नणंदांनी, मुलग्यांनीही कूस बदलायला, भरवायला, अंघोळ घालायला शिकले पाहिजे. शेजारच्या बायांनी दोन तास बसले तरी तिची झोप होते.

कागदपत्रे लवकर करा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात; मशीन आणि औषधासाठी धर्मादाय मदत कुठे मिळेल हे त्यांना विचारा. ही सगळी धावपळ रुग्ण रिक्षात बसून जाऊ शकतो तोवर उरकून घ्या. नंतर त्याला उचलून नेताना सगळ्यांचेच हाल होतात.